करकोच्याच्या पायातलं कडं

झरी, तालुका परभणी
पौष वद्य ६, शके १८६०

चि. वीरुपाक्षास भागम्माअक्काचा आशीर्वाद. घरात सर्वांना शरणार्थ.

तुझी मागची दोन पत्रं मिळाली होती. उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते तुला माहीत आहे, म्हणून इथं लिहीत नाही. आज काम आहे म्हणून लिहिते.

सोबत पातळ कागद आहे. त्यावर कोळशानं घासून काही अक्षरांचा ठसा घेतला आहे. तू छापखान्यात इंग्रजी खिळे जुळवतोस. ही अक्षरं कोणती आणि काय म्हणतात, ते लगेच कळव.

ठसा कशाचा ते सांगते. गावातल्या मुंजाजीच्या शेतात, हरभऱ्यात दर थंडीला मोठे पांढरे करकोचे उतरतात. पंखांची टोकं काळी, चोच आणि पाय लाल. घाट्यातल्या अळ्या वेचतात, म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही. यंदा एकाचा पाय कुंपणाच्या काट्यांत अडकला. मुंजाजीनं त्याला सोडवून, पोत्यात गुंडाळून गावात आणलं. बघतो तर पायात पांढऱ्या धातूचं कडं, आणि कड्यावर अक्षरं.

तहसीलचा शिपाई गावात आला होता. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "उर्दू नइं है. सरकारी नइं." गावानं ठरवलं, सरकारचं नाही तर देवाचं असणार. मग कुणीतरी वाचून सांगितलं की बसवेश्वरांचं नाव आहे. आपण नंदीच्या नावानं वळू डागून सोडतो, त्याला कुणी मारत नाही, कुणाच्याही रानात तो चरतो. तसाच हा पक्षी कुणा पुण्यवानानं सोडला आहे, असं आता सगळे म्हणतात. पक्षी मठात ठेवला आहे. आमचे थोरले दीर नागप्पादादा मठाचा कारभार बघतात. त्यांनी त्याला भस्म लावलं.

मला फक्त अक्षरांचा अर्थ हवा आहे. बाकी काही नाही.

मुंबईला निजाम सरकारचं तिकीट चालत नाही, म्हणून हे पत्र कापसाच्या गाडीबरोबर परभणीच्या स्टेशनावर पाठवते. तिथं इंग्रजी डाक आहे.

भागम्मा

•

झरी
पौष वद्य ३०

चि. वीरुपाक्षास आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून नाही. पहिलं पत्र पोचलं की नाही कळत नाही, म्हणून दुसरा ठसा पाठवते.

पक्षी खात नाही. मठात दुसरं काय देणार? दूध ठेवतात, दुधात कुस्करलेली भाकरी ठेवतात, भिजवलेली डाळ ठेवतात. तो वाटीकडं बघतो आणि मान वळवतो. नागप्पादादा म्हणतात, उपास धरला आहे. गावातल्या बायका ते ऐकून हात जोडतात.

आमच्या शेजारची धुरपताबाई रानात खुरपायला जाते. ती कट्ट्याबाहेरून बघून म्हणाली, "आक्का, कसला उपास धरलाय त्यानं! तुमी त्याला धरायला लावलाय. मुंजाजीच्या रानात म्या सोता बगितलंय, बेडूक असा गिळायचा की घशातून उतरताना दिसायचा."

मी म्हणाले, "हळू बोल."

"हळू बोलल्यानं त्याचं पोट भरतंय का? लिंगायताच्या घरी वाघ पाहुणा आला तर त्यालाबी वरणभात वाढताल तुमी."

मला हसू आलं. मग पक्ष्याकडं बघितलं आणि हसू गेलं. छातीचं हाड वर आलं आहे.

तू म्हणशील, ज्यानं नाव वाचलं त्यालाच का विचारत नाही? विचारायला सोय नाही. उत्तर लवकर पाठव.

भागम्मा

•

झरी
माघ शुद्ध ५

चि. वीरुपाक्षास आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. अक्षरं इंग्रजांसारखी आहेत पण बोली इंग्रजी नाही. खाली नुसते आकडे आहेत. देवाचं नाव नाही एवढं नक्की. मुंबईत पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे तिथं जाऊन विचारतो, असं तू लिहिलंस. हे सगळं वाचलं. शेवटी तू विचारलंस, "पण अक्का, हे वाचलं कुणी?"

मी वाचलं.

तू हसला असशील. हस. मानवतला तुझ्या लग्नात तू सगळ्यांसमोर माझ्या हातात इंग्रजी वर्तमानपत्र उलटं दिलंस आणि म्हणालास, "वाच की अक्का, तुला येतंय ना वाचायला." मी ते तसंच धरून बघत बसले आणि सगळा मांडव हसला. तुला गंमत वाटली. मला त्या दिवसानंतर तुझं अक्षरही बघवलं नाही.

तुला ठाऊक नाही, मला वाचायला कुणी शिकवलं नाही. आमच्या दुकानात रद्दीचा कागद यायचा. त्यात गूळ, हळद बांधायचे. घरी पुडी सोडली की मी कागद पुसून ठेवायची. एका पुडीवरचं अक्षर दुसऱ्या पुडीवर शोधायची. तुझ्या दाजींना एकदा हे कळलं. दुसऱ्या दिवसापासून चांगले कागद बाजूला ठेवायला लागले. ते गेल्यावर या घरात मला जे आहे ते वाचण्यामुळं आहे. सोमवारी मठात मी पोथी वाचते, बायका ऐकतात, म्हणून नागप्पादादा मला माजघरात बसू देतात. नाहीतर मूलबाळ नसलेल्या विधवेला कुठं बसवतात, हे तूही पाहिलं आहेस.

त्या दिवशी शिपाई गेल्यावर दादा म्हणाले, "आपली भागम्मा वाचंल की." सगळं गाव माझ्याकडं वळलं. मुंजाजीनं पक्षी माझ्यापुढं धरला. मी वाकले. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. दाजी असते तर मी म्हणाले असते, "अहो, हे मला येत नाही," आणि त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली असती. ते नव्हते. मानवतचा मांडव समोर दिसायला लागला. आणि तोंडातून निघून गेलं, "बसवेश्वरांचं नाव आहे."

लोकांनी जयजयकार केला तेव्हा मला बरं वाटलं. तेही लिहून टाकते.

संस्थेत विचार. लवकर विचार.

अक्का

•

झरी
माघ वद्य २

चि. वीरुपाक्षास आशीर्वाद.

तुझं लांब पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा धुरपताबाईला वाचून दाखवलं.

जर्मन मुलखाच्या उगवतीला समुद्रकाठी पक्ष्यांचं एक ठाणं आहे. तिथली माणसं पिल्लं उडायच्या आधी शिडी लावून घरट्यात चढतात, पायात कडं घालतात आणि आकडा लिहून ठेवतात. मग मिसरमध्ये, शामात, हबशांच्या मुलखात, हिंदुस्थानात, जिथं कुठं तो पक्षी कुणाला सापडेल त्यानं आकडा कळवायचा. असं गोळा करून हे पक्षी कुठून कुठं जातात आणि वाटेत कुठं मरतात ते काढतात. घरटी दर वर्षी मोजतात आणि ती कमी व्हायला लागली आहेत. कुठल्या देशात काय जपायचं ते यातून ठरणार आहे. एवढं मला समजलं. संस्थेतले साहेब कड्याचा ठसा बघून खुर्चीतून उठले, हेही समजलं.

त्या गावचे लोक घराच्या आढ्यावर गाडीचं जुनं चाक आडवं बांधून ठेवतात, त्यावर हा पक्षी घरटं करतो, आणि तो परत आला नाही तर घरधन्याला चुटपुट लागते, हे ऐकून धुरपताबाई म्हणाली, "म्हंजी कुणाच्या तरी घरचाच हाय की हा. आमी त्याला देवाचा करून बसलो."

साहेबांचं म्हणणं, ताबडतोब सोडा. होळीच्या सुमारास थवे निघतात, त्यांच्याबरोबर गेला तर जाईल.

मी नागप्पादादांकडं गेले. म्हणाले, "दादा, पाखरू वाळायलंय. सोडून देऊ."

ते हिशेब करत होते. म्हणाले, "शिवरातीला पिंगळीपासून माणसं यायलीत त्याला बघाय. मग बघू."

"तवर राहील का?"

"ज्याच्या नावाचा हाय तो बघंल की. तूच वाचलंस ना नाव?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी "हो" म्हणाले आणि परत आले.

आता रोज धुरपताबाई ओच्यात टोळ घेऊन येते, कधी ओल्या फडक्यात बेडूक. मठात दुपारी कुणी नसतं. मी कट्ट्यावर बसते आणि दार राखते. ती देते, तो खातो. आपल्या मठात, गाभाऱ्यापासून हाताच्या अंतरावर, जीव मारला जातो आणि मी राखण करते. हातपाय धुते, लिंगपूजा करते. दाजींना हे कसं सांगितलं असतं, ते ठरवत बसते. अजून ठरलं नाही.

एक गोष्ट राहिली. सोडला तरी तो लगेच उडणार नाही. मठात आणला त्याच आठवड्यात एका पंखाची पिसं कापलेली आहेत, पळून जाऊ नये म्हणून. साहेबांना विचार, ती किती दिवसांत येतात.

अक्का

•

झरी
माघ वद्य ३०

चि. वीरुपाक्षास आशीर्वाद.

शिवरात्र झाली. जे झालं ते क्रमानं लिहिते.

मठाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पक्षी खांबाला बांधला होता, गळ्यात झेंडूची माळ. पोथी वाचायला मला पुढं बसवलं. मी पोथी उघडली नाही. म्हणाले, "दादा, त्या कड्यावर देवाचं नाव न्हाई."

दादा हळूच म्हणाले, "काय बोलायलीस? माणसं जमल्यात."

"माणसं जमल्यात म्हणूनच बोलायले. मला ती अक्षरं वाचता येत न्हाईत. मी थाप मारली. ती परमुलखातल्या लोकांनी खूण केलेली हाय. मुंबईहून पत्र आलंय."

मी पत्र वर धरलं. आता हसतील, असं वाटलं. हसले असते तर सोपं होतं.

पिंगळीची एक म्हातारी, दगडाबाई, पुढं बसली होती. ती म्हणाली, "अगं बाई, वाचता येत न्हाई म्हणतीस, मग इतक्या नावांतून तेच नाव कसं आलं तुझ्या तोंडात?"

मी म्हणाले, "भीतीनं आलं."

"भीतीनं माणूस बोबडं बोलतंय. तू नाव घेतलंस. तुझ्या तोंडून त्यानंच वदवलं, लेकरा." आणि ती माझ्या पाया पडली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. मी पाय आखडून घेतले तर लुगड्याच्या काठाला हात लावून कपाळाला लावायला लागल्या. मी ओरडले, "खोटं हाय ते, खोटं!" त्याला त्या मान डोलवत होत्या.

वीरुपाक्षा, मानवतला माझी लाज सगळ्यांना दिसली होती. इथं मी ती हातात धरून दाखवायले, आणि कुणी बघेना.

खांबाशी पक्षी एका पायावर उभा होता, डोळे अर्धे मिटलेले. मला कळलं, खरं सांगून दोर सुटणार नाही. मग मी म्हणाले, "बरं, देवाचा तर देवाचा. नंदीच्या नावानं सोडलेल्या वळूला तुमी दावं लावता का?"

"वळू दारात बांधला तर दादा, तुमीच पंचायत बसवताल. मग ह्याला का बांधलाय?"

दादांच्या मानेवरची शीर फुगली. आतून मठाचे म्हातारे स्वामी, जे वर्षभर कुणाशी बोलत नाहीत, एवढंच म्हणाले, "सोडा."

मुंजाजीनं दोर कापला. लोकांनी वाट दिली. पक्षी माळ घालूनच चालत वेशीबाहेर गेला, कुणाकडं न बघता. मुंजाजीच्या रानाचा रस्ता त्याला बरोबर ठाऊक होता.

तू म्हणशील, अक्का जिंकली. मी त्याच खोट्यावर पाय ठेवून ते केलं. वळूची गोष्ट मला पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती. सुचली असती तर पिसंही वाचली असती.

मागच्या पत्रात मी "पिसं कापलेली आहेत" असं लिहिलं होतं. ते पुसून नीट लिहिते. कात्री मुंजाजीच्या हातात होती. पक्षी सगळ्यांना चोच मारायचा, माझ्याजवळ तेवढा गप्प राहायचा. दादा म्हणाले, "भागम्मा, तू धर." मी पंख उघडून धरला. आतून उबदार होता. कापताना तो माझ्याकडं बघत होता, कात्रीकडं नाही.

अक्का

•

झरी
फाल्गुन वद्य ३

चि. वीरुपाक्षास आशीर्वाद.

साहेबांनी कळवलं की कापलेली पिसं पुढच्या वर्षापर्यंत येणार नाहीत. ते वाचून ठेवलं.

धुळवडीनंतर थवा गेला. ऊन तापलं तसे एकेक करून उठले आणि गोल फिरत वर चढायला लागले, घारीसारखे, पंख न हलवता. आपला करकोचा खालून बघत होता. मग धावायला लागला. काढलेल्या हरभऱ्याच्या रानात, एक पंख पुरा, एक अर्धा. या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला, वळला, पुन्हा धावला. धुरपताबाईनं तोंडाला पदर लावला. मुंजाजी विळा टाकून उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, हे लय वाईट झालं." वरचे ठिपके दिसेनासे झाले तरी हा धावतच होता.

त्याच्यासाठी मुंजाजीनं विहिरीजवळ काट्यांचा आडोसा केला आहे. मी सकाळी आणि तिन्हीसांजेला जाते.

अक्का

•

झरी
फाल्गुन वद्य ११

वीरुपाक्षा,

करकोचा गेला. कुत्र्यांनी आडोसा मोडला. मी सकाळी गेले तेव्हा झालं होतं.

दादांना समाधी बांधायची आहे आणि कडं मठात चांदीच्या डबीत ठेवायचं आहे. त्यांचा माणूस येण्याआधी मी दुकानातली पक्कड आणून कडं उकललं. मेलेल्या जीवाला मी आजवर हात लावला नव्हता. ते या पत्रात गुंडाळलं आहे. ज्यांनी घातलं त्यांच्याकडं पोचव.

दादांनी विचारलं, "कडं कुठाय?" मी म्हणाले, "डाकेनं जायलंय." ते म्हणाले, "सोमवारपासून पोथीला बसू नको." माझी चटई माजघरातून मागच्या पडवीत आली आहे. बायका पाया पडायच्या थांबल्या, हे एक बरं झालं.

अक्का

•

झरी
चैत्र शुद्ध ७, शके १८६१

चि. वीरुपाक्षास आशीर्वाद.

कडं साहेबांना मिळालं, ते त्यांच्या पत्राबरोबर समुद्रापार जाणार, आणि त्यासाठी पक्षी कसा सापडला आणि कसा मेला याचा मजकूर तू इंग्रजीत घालून द्यायचा आहेस, हे कळलं. "नुसतं 'कुत्र्यांनी मारला' असं लिहितो, ते खरंच आहे, गावाचं नाव कशाला खराब करायचं, आणि अक्का, तुझं तर नाहीच," असं तू लिहिलंस. माझ्यासाठी लिहिलंस ते समजलं. मांडवातल्या गोष्टीची माफी मागितलीस तीही पोचली.

पण तसं लिहू नकोस. ते खरं आहे, तरी तेवढंच लिहिलं तर दोष कुत्र्यांवर जातो. ती माणसं इतक्या देशांतून एकेक बातमी जमवून काय जपायचं ते ठरवणार. आपण कुत्रे लिहिले तर ते कुत्र्यांचा बंदोबस्त करतील. इथं कुत्र्यांमुळं काही झालं नव्हतं.

मी सांगते तसं घाल.

हा करकोचा परभणी जिल्ह्यात झरी गावी पौष महिन्यात जिवंत सापडला. पायाला खरचटलं होतं, पंख शाबूत होते. तो इथं दर वर्षी येणाऱ्या थव्यातला होता आणि शेतकऱ्यांना त्याचा उपयोग होता, कुणाला त्रास नव्हता. कडं बघून लोकांना तो देवाला सोडलेला वाटला. मारला नाही, बांधून ठेवला, न खाण्यासारखं खायला घातलं आणि उडू नये म्हणून पंख कापला. थवा परत निघाला तेव्हा तो उडू शकला नाही. त्यानंतर कुत्र्यांनी मारला. कड्यावरची अक्षरं न येता एका बाईनं ती वाचली, तिथून हे सुरू झालं. पंख तिनंच धरला होता.

साहेबांना हेही सांग की पुढच्या कड्यावर काहीतरी चित्र काढता आलं तर काढा, उडणाऱ्या पाखराचं. म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल की याला जाऊ द्यायचं आहे. त्यांना पटेल की नाही ठाऊक नाही.

आणि इंग्रजीत घालताना "एका बाईनं" असं ठेवू नकोस. ज्याच्या आढ्यावर चाक आहे तो विचारेल, कोण बाई. तिथं माझं नाव लिही. भागम्मा, झरी. अक्षर अन् अक्षर नीट बघून लिही.

तुझी
भागम्माअक्का